मायावी सैन्यें आणि एकटा भालाईत

पटावर लढली जाणारी लढाई ही खरी लढाई नव्हे, कारण तींत कोणी मरत नाहीं, असें म्हणून तिची चर्चा टाळणारे सुज्ञ लोक पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें वरवर पाहतां निरुत्तर करणारें आहे. परंतु मनुष्य जो खेळ खेळतो त्यांत तो आपल्या मनांतले हिशेब उघडे करून ठेवीत असतो. आणि युद्धाचा हिशेब तर तो रणांगणावर जितका झांकतो तितकाच खेळांत मोकळेपणानें मांडतो. आज घराघरांतून तरुण मंडळी संगणकाच्या पडद्यावर जीं सैन्यें लढवीत असतात त्यांची चौकशी करणें वडीलधाऱ्या माणसांस कमीपणाचें वाटावयास नको, तें याच कारणानें. 'वेळेचा अपव्यय' एवढा शेरा मारून त्या पडद्याकडे पाठ फिरविणाऱ्या पालकांना त्या सैन्यांत कोण कोण आहे, तें कशाच्या बळावर लढतें, आणि तेथें एका जिवाचें मोल काय ठरलें आहे, हें बहुधा ठाऊक नसतें.

अशा खेळांची संख्या मोठी आहे. या भाषणापुरता त्यांतला एकच घेतला आहे. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या मालेचा हा तिसरा भाग अमेरिकेंतील न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग या मंडळीनें तयार केला व थ्री-डी-ओ कंपनीनें सन १९९९ सालीं बाजारांत आणला. मालेचे मूळ कल्पक जॉन व्हॅन कॅनेघम यांनीं १९९० मध्यें 'किंग्ज बाउंटी' नांवाचा एक लहानसा खेळ रचला होता, त्यांतच पुढील सर्व बीज सांपडतें. थ्री-डी-ओ कंपनी २००३ मध्यें बुडाली, मालेचे हक्क दुसऱ्याच्या हातीं गेले; परंतु हा तिसरा भाग कांहीं मेला नाहीं. २०१५ मध्यें तो नव्या रूपांत पुनः विक्रीस आला, आणि त्याच्या भक्तांनीं आपल्या पदरच्या श्रमानें त्यांत नवीं नगरें व नवे जीव घातले आहेत. संगणकाच्या जगांत पंचवीस वर्षें हें आयुष्य ऋषिमुनींचें म्हटलें पाहिजे.

ज्यांनीं हा खेळ कधीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एक मोठा नकाशा असतो. त्यांत डोंगर, अरण्यें, खाणी आणि नगरें. प्रत्येक खेळाडूच्या हाताखालीं सेनानायक असतात. ते घोड्यावर बसून नकाशावर हिंडतात आणि आपल्याबरोबर सैन्याच्या फार तर सात तुकड्या बाळगतात. दिवसामागून दिवस जातो, सात दिवसांचा आठवडा पुरा होतो, आणि नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशीं नगरांत नवे शिपाई विकत मिळूं लागतात. दोन सैन्यें समोरासमोर आलीं कीं नकाशा नाहींसा होऊन रणांगण उघडतें. हें रणांगण मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी घरांचें असून रुंदीला पंधरा व उंचीला अकरा, अशीं त्याचीं एकशें पासष्ट घरें होतात. ज्याचा वेग अधिक त्याची पाळी आधीं. धांवपळीचा खेळ हा नव्हे. विचार करावयास बुद्धिबळाप्रमाणें हवा तेवढा वेळ मिळतो.

बुद्धिबळाचें नांव निघालें तें बरें झालें, कारण या खेळाची वंशावळ तेथूनच काढावी लागते. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांचें चतुरंग भारतांत जन्मलें व इराणांतून पश्चिमेस गेलें. त्यांतील सैन्य मात्र पुढें इतकें सांकेतिक झालें कीं युद्धाचें शिक्षण म्हणून त्याचा उपयोग उरला नाहीं. प्रशियांतील रायस्विट्झ पितापुत्रांनीं ती उणीव भरून काढली. पित्यानें १८१२ मध्यें आपला पट राजास दाखविला, आणि तोफखान्यांत अधिकारी असलेल्या पुत्रानें १८२४ मध्यें नियम छापून काढले. 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धखेळ, या नांवानें तो प्रशियाच्या लष्करांत रूढ झाला. त्यांत खऱ्या भूमीचे नकाशे होते, फांसे होते, आणि इतक्या पल्ल्यावरून इतक्या बंदुकींचा मारा झाला तर इतके शिपाई पडले, असें सांगणारीं कोष्टकें होतीं. मनुष्यहानि कोष्टकांत बसविण्याची युक्ति येथून पटावर आली. पुढें १९१३ मध्यें इंग्रज ग्रंथकार एच. जी. वेल्स यांनीं 'लिटल वॉर्स' लिहून शिशाचे शिपाई व कमानीच्या चिमुकल्या तोफा यांचा घरगुती खेळ नियमबद्ध केला. खरें युद्ध करण्यापेक्षां हें केव्हांही बरें, असें त्यांना मनापासून वाटत होतें. त्यानंतर एका वर्षानें खरें युद्ध सुरू झालें.

या शिपायांत राक्षस व पंखवाले जीव शिरले ते फार उशिरां. सन १९७१ मध्यें गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं 'चेनमेल' नांवाची मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली व तिला एक अद्भुताची पुरवणी जोडली. त्या पुरवणींत जादूगार आगीचा गोळा फेकतो, आणि त्या गोळ्याचा मारा किती जागेवर धरावा, तर मोठ्या दगडफेकी यंत्राइतका, असा नियम आहे. ही बारीकशी गोष्ट विसरतां कामा नये. मंत्र म्हणून जें पुढें आलें तें मुळांत तोफखानाच होतें. त्यानें फक्त झगा व उंच टोपी घातली. तीन वर्षांनीं, १९७४ मध्यें, गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, आणि जगांतील सर्व पुराणांतले प्राणी एका कोंडवाड्यांत येऊन बसले. आपला प्रस्तुत खेळ त्या कोंडवाड्यांतूनच आपले शिपाई निवडतो.

आणि काय ती निवड! मूळ खेळांत नगरांचे आठ प्रकार, प्रत्येकांत सात जातींचे जीव, आणि प्रत्येक जातीचें आणखी एक सुधारलेलें रूप; म्हणजे नगरवासी जीवच एकशें बारा प्रकारचे झाले. ग्रीकांकडून पंखांचा घोडा पेगॅसस, वृषभमुखी मिनोटॉर, एकाक्ष सायक्लोप्स, अनेकमुखी हायड्रा आणि सर्पकेशी मेडुसा आलेली आहे. अरबी कथांतून इफ्रीत, जिनी आणि सिंदबादचा तो प्रचंड रॉक पक्षी. यहुद्यांच्या ग्रंथांतून बेहेमोथ, आणि त्यांच्या लोककथांतून मातीचा माणूस गोलेम. येथें तो दगडाचा व लोखंडाचा केला आहे. गॉर्गन म्हणून जो प्राणी येथें दिसतो तो पाहून ग्रीक जाणणारा मनुष्य चक्रावून जाईल, कारण तो चक्क खवल्यांचा बैल आहे! ही चूक खेळवाल्यांची नव्हे. एडवर्ड टॉप्सेल नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें १६०७ मध्यें चतुष्पादांचा जो ग्रंथ लिहिला, त्यांत गॉर्गनचें वर्णन असेंच खवलेदार चतुष्पादाचें आहे, आणि तेथूनच तो बैल चालत चालत पडद्यावर आला. ग्रेम्लिन हा तर पुराणांतलाही नव्हे. विमानाचें यंत्र विनाकारण बिघडलें कीं ब्रिटिश वैमानिक ज्या अदृश्य खोडकर भुताला दोष देत तो हा. वयानें शंभर वर्षांच्या आसपास. एका नगरांत नागही आहे. शब्द संस्कृत, कमरेखालीं देह सर्पाचा, येथवर ओळख पटते. परंतु स्त्रीचा कंठ, अनेक हात आणि प्रत्येक हातांत तलवार, हा थाट आपल्या नागपंचमीच्या पाटावरील नागाचा नव्हे. परदेशीं गेलेल्या शब्दाला तिकडची माणसें काय काय नेसवितात याचा तो एक नमुना.

हा संग्रह केवळ शोभेचा असता तर त्यावर एवढें बोलावयाचें कारण नव्हतें. त्यांतील खरी चातुरी निराळीच आहे. या खेळांत प्रत्येक जीव हा युद्धशास्त्राचा एकेक नियम आहे, आणि त्याचें रूप हें त्या नियमाचें चित्र आहे. मूलभूत नियम असा कीं ज्याच्यावर वार होतो तो लगेच उलट वार करतो, पण एका फेरींत एकदांच. आतां ग्रिफिन पाहावा. गरुडाचें डोकें व सिंहाचें धड असलेला हा पहारेकरी दोनदां उलट वार करूं शकतो, आणि त्याचें सुधारलेलें रूप तर कितीही वेळां. म्हणून त्याला चहूंकडून घेरण्यांत शहाणपण नाहीं. हायड्रा आजूबाजूच्या सर्व शत्रूंना एकाच वेळीं चावते व तिला उलट वार होत नाहीं. म्हणून तिला गर्दींत सोडावी. घोडेस्वार जितकीं घरें दौडत येतो तितक्या घरांमागें त्याचा आघात शेंकडा पांच या प्रमाणानें वाढतो, आणि घोडदळाला मोकळें मैदान कां लागतें हें पाठ्यपुस्तकावांचून कळतें. वृक्षपुरुष आपल्या मुळांनीं शत्रूचे पाय बांधून ठेवतात. हार्पी वार करून आपल्या जागीं परत येते, अगदीं गनिमाप्रमाणें. ड्रॅगनच्या मुखांतली आग समोरच्याला व त्याच्या पाठीमागें असलेल्याला अशी दोघांनाही भाजते, मग तो पाठीमागचा आपलाच कां असेना. तिरंदाजाचा बाण दहा घरांपलीकडे गेला कीं निम्मा जोर गमावतो, आणि शत्रु येऊन अंगाला भिडला कीं धनुष्य निरुपयोगी होतें. काळा ड्रॅगन कोणत्याही मंत्रानें बाधत नाहीं. म्हणून कित्येक खेळाडू नुसते काळे ड्रॅगन घेऊन निघतात आणि सबंध रणांगण जाळून टाकणारा प्रलयमंत्र स्वतःच्याच सैन्यावर म्हणतात. शत्रु भस्म होतो, ड्रॅगन तसेच उभे राहतात.

रणांगणावर एका जातीचे कितीही जीव असोत, त्यांची आकृति एकच दिसते आणि तिच्या पायाशीं एक आकडा असतो. दहा भालाईत म्हणजे एक भालाईत व खालीं १०. हजार भालाईत म्हणजे तोच भालाईत व खालीं १०००. वार झाला कीं आकृति थोडी मागें हटते आणि आकडा कमी होतो. जखमी असा एका वेळीं तुकडींत एकच असूं शकतो, कारण हानि पुढच्यापासून क्रमानें मोजली जाते. लढाई संपली कीं तोही बरा होतो. लंगडे, आंधळे, थोटे या सैन्यांत नसतात. रसद लागत नाहीं, पाणी लागत नाहीं, पाठीमागें रडणारें कोणी नाहीं. प्रत्यक्ष युद्धांतून जें जें वजा करतां येण्याजोगें होतें तें सर्व वजा करून उरलेली शुद्ध बाकी म्हणजे हा आकडा.

या आकड्याचें गणित एकदां करून पाहण्यासारखें आहे. भालाईत हा मनुष्यांच्या नगरींतला सर्वांत हलका शिपाई. किंमत ६० मोहरा, प्राणबळ १०, एका वारांत १ ते ३ हानि. त्याच नगरींतला सर्वांत श्रेष्ठ योद्धा देवदूत. किंमत ३००० मोहरा व शिवाय एक रत्न, प्राणबळ २००, एका वारांत ५० हानि. आठवड्याला भालाईत १४ मिळतात, देवदूत एकच. म्हणजे एका देवदूताच्या मोहरांत पन्नास भालाईत येतात. दोघांना समोरासमोर उभें केलें तर काय होईल? हल्ला करणाऱ्याचें आक्रमणबळ समोरच्याच्या संरक्षणबळाहून जितके अंक अधिक, तितके अंक शेंकडा पांच या दरानें हानि वाढते. कमी असेल तर अंकामागें शेंकडा अडीच या दरानें घटते. देवदूताचें आक्रमण २० व भालाइताचें संरक्षण ५. म्हणून देवदूताच्या पन्नासाचे ८७ होतात. भालाइताचें आक्रमण ४ व देवदूताचें संरक्षण २०; म्हणून भालाइताच्या सरासरी दोनाचा सव्वा होत नाहीं, जरा कमीच. देवदूताचा वेग १२ व भालाइताचा ४, तेव्हां पहिला वार देवदूताचा. आठ पडतात, उरलेले बेचाळीस उलट वार करतात. मग त्यांची पाळी, पुनः देवदूताचा उलट वार. अशा तीन फेऱ्यांत पन्नासही भालाईत संपतात आणि देवदूत दोनशांपैकीं अठ्ठावीस प्राणबळ घेऊन कसाबसा उभा राहतो.

आतां त्याच पन्नासांची मांडणी बदलावी. सत्तेचाळीसांची एक तुकडी करावी आणि उरलेल्या तिघांना एकेकटे, तीन निराळ्या तुकड्या म्हणून, उभें करावें. देवदूत मोठ्या तुकडीवरच वार करीत राहिला असें धरूं. प्रत्येक फेरींत मोठ्या तुकडीची पाळी येण्यापूर्वीं एक एकटा भालाईत पुढें जातो आणि देवदूताला भाला टोंचतो. त्याच्या टोंचण्यानें एकाहून अधिक हानि होत नाहीं. पण नियमाप्रमाणें देवदूत आपला त्या फेरींतला एकुलता एक उलट वार त्याच्यावर खर्च करून बसतो. सत्त्याऐंशींची तलवार दहा प्राणबळाच्या माणसावर पडते. सत्त्याहत्तर वायां जातात. मग मोठी तुकडी निर्धास्तपणें चालून जाते, कारण तिला आतां उत्तर द्यावयास कोणी उरलेला नसतो. हाच हिशेब तीन फेऱ्या चालविला तर देवदूत मरतो, आणि एकवीस भालाईत जिवंत राहतात.

तेच पन्नास, तोच देवदूत. एका मांडणींत सर्व मेले व हरले. दुसरींत एकवीस वांचले व जिंकले. फरक त्या तिघांचा.

निष्णात खेळाडूंना ही युक्ति अगदीं प्राथमिक वाटते. ते आपल्या सात जागांपैकीं एकदोन तरी अशा एकट्या शिपायासाठीं राखून ठेवतात, आणि त्याच्यासाठीं मुद्दाम स्वस्तांतला स्वस्त जीव निवडतात. ग्रेम्लिन तर तीस मोहरांतच मिळतो. हें वाचणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या सज्जन माणसाच्या मनांत प्रथम तिटकारा उत्पन्न होईल. परंतु घाई करूं नये. त्या एकट्याला न पाठवावें तर मोठ्या तुकडींतले आठ किंवा नऊ अधिक मरतात, हें वर दाखविलेंच आहे. एकाच्या बदलीं आठ वांचविणें हा निर्दयपणा कीं दयाळूपणा, याचें उत्तर या खेळाच्या बाहेरही कोणा सेनापतीनें समाधानकारक दिलेलें ऐकिवांत नाहीं. युरोपच्या जुन्या वेढ्यांत तटाला खिंडार पडलें म्हणजे पहिल्यानें आंत घुसणारी जी टोळी असे, तिच्यांतून परत येण्याची आशा कोणीच बाळगीत नसे. तरी तींत जाण्यास शिपाई आपण होऊन पुढें येत, कारण वांचल्यास बढती मिळे. येथल्या भालाइताला बढतीची तेवढीही आशा नाहीं. या खेळांत अनुभव मिळतो तो फक्त सेनानायकाला. शंभर लढाया पाहिलेला भालाईत आणि काल सकाळीं विकत घेतलेला भालाईत यांत तिळमात्र भेद नाहीं. दोघेही फरशीधारी होतात ते मोहरा मोजल्यावरच. बुद्धिबळांतलें प्यादें देखील शेवटच्या घरीं पोंचलें तर वजीर होतें. त्या दृष्टीनें जुना खेळ अधिक उदार.

मात्र एक गोष्ट या खेळाच्या बाजूनेंही सांगितली पाहिजे. अडाणी खेळाडू शत्रूचे किती मारले तें पाहतो. कसलेला खेळाडू आपले किती पडले तें पाहतो. मेलेला शिपाई उद्यांच्या लढाईला नसतो, आणि नवे शिपाई आठवडा उलटल्यावांचून येत नाहींत. म्हणून आपला एकही न गमावतां जिंकलेली लहानशी चकमक ही त्याला मोठ्या विजयापेक्षां गोड वाटते, आणि हरणार म्हणून दिसणारी लढाई तो सुरूच करीत नाहीं. जिवाचा हा कंजूषपणा करुणेंतून आलेला नाहीं, हिशेबांतून आलेला आहे. तरीपण जे सेनापति हिशेबानेंही कंजूष नव्हते अशांच्या कथा इतिहासांत पुष्कळ आहेत.

मृतांच्या नगराची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तींत खेळ रचणाऱ्यांची कल्पना सर्वांत खोल गेली आहे. या नगरींत सांगाडे, चालतीं प्रेतें, पिशाच्चें, रक्तपिपासु व्हॅम्पायर, लिच नांवाचे मृत मांत्रिक, काळे सरदार आणि हाडांचे ड्रॅगन राहतात. 'लिच' हा प्रेत या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. इंग्लंडांतील जुन्या देवळांच्या आवारांत जेथें शव क्षणभर टेंकवीत त्या दरवाज्याच्या नांवांत तो अजून टिकून आहे. या नगरीच्या नायकांस एक विद्या येते. लढाई जिंकली कीं मेलेल्या शत्रूंपैकीं कांहीं हिस्सा, मूळ खेळांत विद्येच्या पायरीप्रमाणें शेंकडा दहा, वीस किंवा तीस, सांगाडे होऊन त्यांच्या सैन्यांत उठून उभा राहतो. इतरांचें सैन्य लढाईनें झिजतें. यांचें लढाईनें पोसतें. व्हॅम्पायरांचा श्रेष्ठ प्रकार तर शत्रूचें रक्त पिऊन आपल्याच पडलेल्या सोबत्यांना उठवितो. त्या कसलेल्या खेळाडूचा कंजूषपणा येथें जवळजवळ निरर्थक होतो, आणि युद्ध थांबविण्याचें जें एकमेव स्वाभाविक कारण, म्हणजे माणसें संपत आलीं हें, तेंच नाहींसें होतें.

शिवाय त्यांना धैर्य नाहीं व भीतिही नाहीं. इतर सैन्यांत उत्साह चढला तर शिपायाला एखादे वेळीं जादा पाळी मिळते. उतरला तर तो आपल्या पाळीला जागच्या जागीं थिजून जातो. सैन्य एकाच नगरींतलें असेल तर उत्साह एक अंकानें वाढतो. तीन नगरांचें मिश्रण झालें कीं उणा होतो, आणि मृतांपैकीं एखादी तुकडी बरोबर घेतली तर जिवंतांचा उत्साह आणखी खचतो. प्रेताच्या खांद्याला खांदा लावून लढणें माणसाला रुचत नाहीं, हें खरेंच. परंतु निरनिराळ्या लोकांचें सैन्य म्हणजे आपोआप खचलेलें सैन्य, हा खेळाचा निर्णय मात्र इतिहासाला मान्य होण्यासारखा नाहीं. हॅनिबलच्या सैन्यांत लिबियन, इबेरियन, नुमिडियन व गॉल होते. त्यांची भाषा एक नव्हती, देव एक नव्हते. इ. स. पूर्वीं २१८ मध्यें तो आल्प्स ओलांडून इटलींत उतरला व २०३ पर्यंत तेथें राहिला, आणि या एवढ्या काळांत त्याच्या सैन्यानें त्याच्याविरुद्ध बंड केलें नाहीं, याचें आश्चर्य पॉलिबियस या जुन्या इतिहासकारानेंही केलेलें आहे. खेळांत यावर उतारा म्हणून नायकाला नेतृत्वाची विद्या शिकतां येते, एवढी सोय ठेवली आहे. दुर्दैवानें पुष्कळ खेळाडूंना ती शिकण्यापेक्षां एकजातीय सैन्य ठेवणें सोपें वाटतें.

या भागाची मुख्य कथाही मृतांच्या भोंवतींच फिरते. एराथिया देशाचा राजा ग्रिफनहार्ट विषप्रयोगानें मारला जातो. परदेशीं दिलेली त्याची कन्या कॅथरीन पित्याच्या अंत्यविधीसाठीं येते, तों देश शत्रूंनीं पोखरलेला. ती नगरामागून नगर सोडवीत जाते आणि मग तिला कळतें कीं आपला पिता थडग्यांत नाहीं. शेजारच्या देजा राज्यांतील मांत्रिकांनीं त्याला उठवून मृत सैन्याचा सेनापति केलें आहे, आणि जिवंतपणीं जी युद्धकला त्यानें प्रजेच्या रक्षणाकरितां मिळविली होती ती आतां प्रजेवरच चालते. पुढें तो त्या मांत्रिकांनाही आवरेनासा होतो. तेव्हां तेच कॅथरीनकडे मदतीची याचना करीत येतात, आणि तिला ज्यांनीं बापाची विटंबना केली त्यांच्याच साहाय्यानें बापाशीं लढावें लागतें. संगणकाच्या खेळांतील कथा बहुधा लढायांना निमित्त म्हणून चिकटविलेल्या असतात. ही तशी नव्हे. मुलीनें आपल्या पित्याला दुसऱ्यांदा मरण द्यावयाचें, असा प्रसंग ज्यांनीं योजला त्यांना कोष्टकापलीकडचेंही कांहीं दिसत होतें.

तें सर्वत्र दिसत होतें असें मात्र म्हणवत नाहीं. लढाई अंगाशीं आली तर नायकाला पळून जाण्याची मुभा आहे. तो पळाला कीं त्याचें सैन्य जागींच नाहींसें होतें. तुकड्या, आकडे, एकटे भालाईत, सर्व. नायक मात्र बहुधा दुसऱ्याच दिवशीं आपल्याच नगराच्या मद्यगृहांत येऊन बसलेला आढळतो, त्याची विद्या शाबूत, आयुधें शाबूत. आणि २५०० मोहरा देऊन त्याला पुनः नोकरींत घेतां येतें. मोहरा देऊन सैन्यासह शरण जाण्याचाही मार्ग आहे, परंतु तो महाग पडतो, म्हणून कित्येक खेळाडू पळण्याचा स्वस्त मार्ग पत्करतात.

आणि लढाई जिंकली तर एक चौकट उघडते. तींत वर विजेत्याचें नांव व मिळालेला अनुभव, खालीं दोन्ही बाजूंच्या हानीची यादी. प्रत्येक जातीचें चिमुकलें चित्र आणि त्याखालीं पडलेल्यांची संख्या. भालाइताच्या चित्राखालीं १ असा आकडा असतो. खेळाडू खालच्या खुणेवर बोट दाबतो, चौकट मिटते, नकाशा पुनः दिसूं लागतो. आठवडा उलटल्यावर नगरांत चौदा नवे भालाईत तयार असतात, प्रत्येकीं साठ मोहरा.